साष्टीवर हुकूम कोणाचा?

मुंबईच्या उत्तर उपनगरांत, गोरेगाव आणि मालाड या दोन स्थानकांच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला की जमीन हळूहळू चढू लागते आणि पुढे ती डोंगरात व अरण्यात विलीन होते. या चढत्या भूमीला दिंडोशी म्हणतात. जुन्या महसुली दप्तरात हे साष्टी बेटातील एक लहानसे गाव म्हणून नोंदलेले होते. आज तेथे टेकड्यांच्या माथ्यापर्यंत इमारती पोहोचल्या असून त्यांच्या आसपास दादासाहेब फाळके चित्रनगरी, आरेची दुग्धवसाहत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची सरहद्द, नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची वास्तू आणि महामार्गावरून धावणारी मेट्रो असा मोठा संसार उभा राहिला आहे. भारतीय संविधानाची सातवी अनुसूची एखाद्या विद्यार्थ्यास शिकवावयाची असेल, तर त्याच्या हाती पुस्तक देण्यापेक्षा त्याला दिंडोशीच्या टेकडीवर उभे करावे, असे माझे मत आहे. चित्रनगरीत तयार होणाऱ्या चित्रपटाला प्रदर्शनाची मंजुरी देण्याचा अधिकार संघसूचीच्या साठाव्या नोंदीने केंद्राकडे ठेवला आहे, आणि तोच चित्रपट ज्या चित्रगृहात लागावयाचा ते चित्रगृह राज्यसूचीच्या तेहतिसाव्या नोंदीने राज्याकडे दिले आहे. आरेच्या गोठ्यांतील गुरांची निगा राज्याची, त्या गोठ्यांच्या मागील वनाची चिंता दोघांची. न्यायालयाची स्थापना १९७७ पर्यंत केवळ राज्याच्या कक्षेत होती, ती त्यानंतर समवर्ती सूचीत गेली. रस्त्यावरचा पोलीस हवालदार मात्र निर्विवादपणे राज्याचा.

परंतु या सूची वाचून जो मनुष्य असे समजेल की दोन सरकारांमधील अधिकारांची वाटणी हा १९५० साली कागदावर मिटलेला प्रश्न आहे, त्याला साष्टीचा इतिहास ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल. विषयांची वाटणी कलमांनी होते. जमीन मात्र एकच असते, आणि तिच्यावर एकाच वेळी चार विषय उभे राहतात. अशा वेळी हक्क कोणाचा हे ठरविण्याआधीच कोणीतरी कब्जा घेतो, आणि मग हक्काचा विचार त्या कब्जाच्या सावलीत बसून करावा लागतो. ही रीत साष्टीत जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी पडली. मध्यवर्ती सत्ता आणि प्रांतिक सत्ता यांच्यात हिंदुस्थानात इंग्रजी अंमलाखाली जो पहिला मोठा कलह झाला, तो याच बेटापायी झाला, ही गोष्ट आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

चिमाजी अप्पांनी १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडून ठाणे, साष्टी आणि वसई जिंकून घेतली, तेव्हापासून मुंबईच्या इंग्रजांचे चित्त त्या मुलखावरून कधी हलले नाही. मुंबई हे बेट लहान, धान्यासाठी व लाकडासाठी परावलंबी, आणि बंदराच्या उत्तरेस व पूर्वेस सर्वत्र मराठ्यांचा अंमल. त्यामुळे साष्टी हाती आल्याखेरीज मुंबईस स्थैर्य नाही, असे लंडनमधील कंपनीच्या डायरेक्टरांचेही मत होते. त्या मुलखाची मागणी गोडीगुलाबीने करून पाहावी म्हणून १७७२ साली टॉमस मॉस्टिन याला पुणे दरबारी वकील म्हणून पाठविण्यात आले. दरबाराने अर्थातच दाद दिली नाही. पुढे १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रे घेतली, बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान रचले, आणि पुण्याची सत्ता दुभंगली. मुंबईकर इंग्रज ज्या संधीची वाट पाहत होते ती हीच.

नेमक्या याच वेळी लंडनमध्ये दुसरीच एक घटना घडत होती. कंपनीच्या कारभारातील बजबजपुरीला कंटाळून ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ साली नियामक कायदा संमत केला. त्यान्वये बंगालचा गव्हर्नर हा गव्हर्नर जनरल झाला, त्याच्या जोडीला चार सभासदांचे मंडळ नेमले गेले, आणि मुंबई व मद्रास या इलाख्यांनी कलकत्त्याच्या संमतीवाचून देशी सत्तांशी युद्ध पुकारू नये अथवा तह करू नये, असा निर्बंध घातला गेला. त्याला दोन अपवाद ठेवले होते: एक, परिस्थिती इतकी निकडीची असावी की हुकमाची वाट पाहणे धोक्याचे ठरावे, आणि दुसरा, लंडनहून परस्पर तशी आज्ञा आलेली असावी. या कायद्याने हिंदुस्थानातील इंग्रजी मुलखाला प्रथमच एक मध्यवर्ती सत्ता मिळाली. परंतु निकडीचा तो अपवाद इतका ऐसपैस होता की त्यातून एक सबंध फौज जाऊ शकली असती. प्रत्यक्षात ती गेलीच.

नवे सभासद जहाजातून उतरून कलकत्त्यास रुजू झाले ते १७७४ च्या ऑक्टोबरात, आणि अवघ्या दोन महिन्यांनी, डिसेंबरात, मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने ठाण्यावर फौज आणि आरमार पाठविले. कारण असे सांगण्यात आले की, गमावलेला मुलूख परत घेण्यासाठी पोर्तुगिजांचे आरमार येत असल्याची खबर आहे, आणि ते येण्यापूर्वी आपणच ठाणे घेतले नाही तर साष्टी कायमची हातची जाईल. वर्ष सरता सरता ठाण्याचा किल्ला पडला आणि त्याबरोबर साष्टी इंग्रजांच्या कब्जात गेली. दिंडोशीच्या रयतेला त्या पावसाळ्यापर्यंत मराठ्यांच्या कमाविसदारास सारा द्यावा लागत होता. पुढल्या हंगामात तो इंग्रजांच्या कारकुनाने वसूल केला. हा हुकूम कलकत्त्याचा की मुंबईचा, याची पृच्छा करण्याचा अधिकार त्या रयतेला नव्हता, आणि तशी उत्सुकताही तिला असण्याचे कारण नव्हते.

एवढ्यावर न थांबता मुंबईकरांनी १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेस तह केला. दादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी फौज द्यावी आणि त्याच्या मोबदल्यात दादांनी साष्टी व वसई इंग्रजांस तोडून द्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. जो मुलूख आपण आधीच बळाने घेतला आहे त्याची सनद, ज्याच्या हाती तो मुलूख नाही अशा माणसाकडून लिहून घेणे, ही कल्पना पाहिली की त्या व्यापारी मंडळींच्या हिशेबी बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मेमध्ये गुजरातेत अडासच्या मैदानावर कर्नल कीटिंगची फौज आणि हरिपंत फडके यांची मराठी फौज यांची गाठही पडली.

कलकत्त्यास ही सर्व हकिगत पोहोचली तेव्हा तेथील मंडळ संतप्त झाले. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याचे सभासद यांच्यात एरवी एकही गोष्ट एकमताने होत नसे. परंतु मुंबईने आपल्याला विचारल्यावाचून हे युद्ध आरंभले ही गोष्ट बेकायदेशीर व अविचाराची आहे, यावर त्यांचे एकमत झाले. त्यांनी मुंबईस फौजा मागे घेण्याचा हुकूम धाडला आणि स्वतःचा वकील, कर्नल अप्टन, थेट पुणेकरांकडे पाठविला. एका कंपनीची दोन सरकारे, त्यांतील एक राघोबादादांच्या छावणीत आणि दुसरे त्यांच्या शत्रूंच्या दरबारात, असे विलक्षण दृश्य त्या वर्षी पुणेकरांना पाहावयास मिळाले. सखारामबापू बोकील आणि नाना फडणवीस हे दोघेही राजकारणात मुरलेले. या द्वैताचा अर्थ त्यांच्या तत्काळ ध्यानात आला असला पाहिजे. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द ठरला, इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडावा आणि दादांनी नेमणूक घेऊन कोपरगावी राहावे, असे ठरले.

आणि साष्टी? ती इंग्रजांकडेच राहिली. येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. कलकत्त्याने मुंबईची कृती बेकायदेशीर ठरविली, तिने केलेला तह फाडला, तिच्या फौजा परत बोलावल्या; परंतु त्या बेकायदेशीर कृतीतून जी जमीन मिळाली होती ती परत द्यावयास मात्र अप्टन तयार नव्हता. मध्यवर्ती सत्तेने प्रांताचा अधिकार नाकारला आणि प्रांताचा कब्जा स्वीकारला. मुंबईकरांनी यातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. त्यांनी पुरंदरच्या तहाची मनापासून अंमलबजावणी कधीच केली नाही, दादांना आश्रय दिला, आणि थोड्याच अवधीत लंडनच्या डायरेक्टरांचा जो खलिता आला त्यात सुरतेच्या तहाला पसंती दर्शविलेली पाहून तर त्यांना पर्वणीच लाभली. आता सत्ता दोन नव्हे तर तीन ठिकाणी झाली, आणि प्रांताने आपल्याला सोयीची असेल ती निवडावी, असा प्रकार झाला.

याचा शेवट वडगावास झाला. १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज दादांना बरोबर घेऊन बोरघाट चढली, जानेवारीत तळेगावापर्यंत आली, आणि तेथे मराठ्यांनी उजाड केलेल्या मुलखात कोंडली जाऊन वडगावास शरण आली. त्या वेळी महादजी शिंद्यांपुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी जो करार लिहून दिला, त्यात १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, म्हणजे साष्टीसुद्धा, परत देण्याचे कबूल केले होते. मग एक मौज झाली. जी मुंबई आजवर कलकत्त्याच्या मंजुरीची पर्वा करीत नव्हती, तीच आता म्हणू लागली की आमच्या अधिकाऱ्यांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. आणि कलकत्त्यानेही तेच म्हटले. अधिकार नसताना घेतलेला मुलूख टिकला, आणि अधिकार नसताना परत केलेला मुलूख मात्र परत झाला नाही. पुढे १७८२ च्या मेमध्ये सालबाईचा तह झाला आणि साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. आज दिंडोशीची जमीन मुंबईच्या हद्दीत का आहे, याचे आदिकारण विचारले तर ते हे आहे.

त्यानंतरची सव्वाशे-दीडशे वर्षे मला थोडक्यात उरकू द्यावीत, कारण त्यांतील गतीचा कल एकाच दिशेने आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईचा कायदे करण्याचा अधिकारच काढून घेतला, तो १८६१ साली परत मिळाला; १८७० साली लॉर्ड मेयोने काही खाती व त्यांसाठी ठरावीक रकमा प्रांतांकडे सोपविल्या; १९१९ च्या सुधारणांनी प्रथमच मध्यवर्ती विषय आणि प्रांतिक विषय अशा स्वतंत्र याद्या केल्या, आणि त्या वेळी वनखाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्याच्या बाबतीत मुंबई इलाखा अग्रभागी होता. १९३५ च्या कायद्यात संघ, प्रांत आणि समवर्ती अशा तीन सूची आल्या. वने आणि जमीनमहसूल या विषयांना त्यात प्रांताची जागा मिळाली. मीठ मात्र मध्यवर्ती सरकारने कधीच हातचे सोडले नाही. मिठाच्या कराचे उत्पन्न मोठे होते आणि १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी काढलेल्या मोर्चांनी त्याला राजकीय अर्थही दिला होता. स्वातंत्र्यानंतर कर गेला, परंतु मिठाचे खाते दिल्लीतच राहिले. हे मीठ पुढे कांजूरच्या जमिनीत उतरावयाचे होते.

घटना समितीत मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी भारताचे संघराज्य घटक राज्यांच्या आपसांतील करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट असंदिग्धपणे सांगितली. संविधान अमलात आले तेव्हा संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या, आणि ज्याचा कोठेच उल्लेख नाही असा शेषाधिकार केंद्राकडे ठेवला होता. राज्यांच्या सीमा बदलण्याच्या बाबतीत तर तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला सर्वाधिकार दिला. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावयाचे, पण ते बंधनकारक नाही. या अनुच्छेदाची धार महाराष्ट्राने १९५६ च्या जानेवारीत अनुभवली. मुंबई शहर केंद्राच्या अमलाखाली राहील, ही घोषणा पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून केली आणि शहरात गोळीबार झाले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला, आणि असा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार झाल्यावाचून घेतला गेला असा आरोप त्यांनी लोकसभेत केला. एवढे मोठे प्रकरण होऊनही मुंबई केंद्रशासित झाली नाही. १ मे १९६० रोजी ती महाराष्ट्राची राजधानी झाली. महानगरपालिकेची हद्द १९५० साली पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंतच होती. १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, आणि दिंडोशी तेव्हा मुंबई शहरात दाखल झाली.

दिंडोशीच्या शेजारच्या आरेत १९५१ च्या मार्चमध्ये नेहरूंच्याच हस्ते दुग्धवसाहतीचे उद्घाटन झाले होते. दारा खुरोडी यांच्या योजनेनुसार शहरातील गोठे उचलून तीन हजारांहून अधिक एकरांच्या या मुलखात आणावयाचे, अशी ती कल्पना होती. दूध, पशुसंवर्धन आणि जमीन हे तिन्ही विषय राज्याचे असल्याने कोणाची हरकत येण्याचे कारण नव्हते. तंटा माजला तो वनांवरून. महाराष्ट्राने १९७५ साली खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर तो अमलात आणला; त्या वेळी वने ही राज्यसूचीतील एकोणिसावी नोंद होती. वर्ष-दीड वर्षातच आणीबाणीतील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती नोंद राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत घातली. शिक्षण, वन्य प्राण्यांचे संरक्षण, वजने-मापे आणि न्यायालयांची स्थापना हेही विषय त्याच वेळी सरकले. ३ जानेवारी १९७७ रोजी ही दुरुस्ती अमलात आली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तेव्हा तुरुंगात होते, आणि राज्यांच्या हातून एक सबंध खाते निम्मे निसटले याची चर्चा जेवढी व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. पुढे जनता राजवटीत या दुरुस्तीची बरीच कलमे मागे घेतली गेली. वने मात्र परत आली नाहीत.

मग १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने असा दंडक घातला की वनजमीन दुसऱ्या कामी वापरावयाची असेल तर केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने तर सूचींना वळसाच घातला. पर्यावरण हा शब्द तिन्ही सूचींपैकी एकीतही नाही. संसदेने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांचा आधार घेतला आणि आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा जो अधिकार दोनशे त्रेपन्नाव्या अनुच्छेदात आहे तो वापरला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या डिसेंबरात दिल्लीच्या मंत्रालयाने जे आखले, ते याच कायद्याखाली. आता दिंडोशीच्या माथ्यावर कोणते बांधकाम व्हावे याचा अंशतः निर्णय, मूळ पाहू गेल्यास, स्वीडनमधील एका परिषदेपर्यंत जाऊन पोहोचतो.

खासगी वनांच्या कायद्याचे पुढे काय झाले तेही सांगावयास हवे, कारण त्यात सामान्य माणसाची जी फरफट झाली ती सूचींच्या चर्चेत विसरली जाते. पन्नाशीच्या दशकात भारतीय वन अधिनियमाखाली बजावलेल्या जुन्या नोटिसांच्या आधारे, आपली जमीन १९७५ सालीच शासनाची झाली आहे, असे २००६ च्या सुमारास उपनगरांतील जमीनधारकांना व घरमालकांना अकस्मात सांगण्यात आले. मुलुंड, विक्रोळी इत्यादी ठिकाणी ज्या इमारतींना महापालिकेने परवानगी दिली, ज्यांत लोक वर्षानुवर्षे राहत होते, त्या कागदोपत्री वनात उभ्या असल्याचे ठरले. उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये शासनाच्या बाजूने निकाल दिला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि पन्नास वर्षे दप्तरात पडून राहिलेली नोटीस एकाएकी जिवंत होऊ शकत नाही असा निर्णय दिला. महापालिकेचा परवाना, महसूल खात्याचा उतारा आणि वनखात्याची नोंद या तिन्हींत एकाच सरकारचे तीन आवाज ऐकू येत होते. दोन सरकारांचे भांडण तर त्याहून पुढचे.

ते भांडण मेट्रोच्या निमित्ताने झाले. कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो-३ बांधण्यासाठी जी कंपनी आहे, तिचे निम्मे भागभांडवल केंद्राचे आणि निम्मे महाराष्ट्राचे आहे. रेल्वे संघसूचीत, ट्राम राज्यसूचीत. मेट्रोचा विचार १९५० साली कोणी केला नव्हता, म्हणून तिचा कायदा केंद्राचा आणि तिची जमीन राज्याची असा तोडगा निघाला. या मेट्रोची कारशेड आरेत बांधावयाची होती. २०१९ च्या ऑगस्टअखेर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अर्ज फेटाळले. आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी, ७ ऑक्टोबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तेव्हा २,१४१ झाडे पडून गेली होती. कायद्याच्या दृष्टीने ही कृती समर्थनीय असेलही. परंतु न्यायालयाचे पुढले दार उघडण्यापूर्वी काम उरकून घेणे या पद्धतीत हॉर्नबीच्या डिसेंबर १७७४ च्या घाईची ओळख पटल्यावाचून राहत नाही.

नोव्हेंबरात राज्यात सत्तांतर झाले. नव्या मुख्यमंत्र्यांनी, उद्धव ठाकरे यांनी, लगोलग काम थांबविले आणि ११ ऑक्टोबर २०२० रोजी कारशेड कांजूरमार्गास हलविण्याची व आरेतील सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा केली. या दुसऱ्या घोषणेचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. जमीन एकदा वन ठरली की १९८० च्या कायद्याप्रमाणे तिचा अन्य वापर दिल्लीच्या मंजुरीवाचून होत नाही. म्हणजे उद्याच्या राज्य सरकारपासून आरे वाचविण्यासाठी आजच्या राज्य सरकारने तिची किल्ली आपण होऊन केंद्राच्या हाती दिली. ज्या केंद्राशी त्याच वेळी कांजूरमार्गात झुंज लागणार होती, त्याच केंद्राच्या!

कांजूरमार्ग बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ठाण्याच्या खाडीलगत आहे. तेथे शतकानुशतके मिठागरे होती. उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी १ ऑक्टोबर २०२० रोजी तेथील १०२ एकर जमीन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास कारशेडसाठी दिली होती, कारण महसुली नोंदीप्रमाणे ती महाराष्ट्र शासनाची होती. केंद्राने उत्तर दिले की ती मीठ आयुक्तांची आहे, म्हणजे आमची आहे. एका खासगी दावेदाराचेही म्हणणे होते. आता या वादाचा निकाल सूचींच्या आधारे कसा लागावा? मिठाचे उत्पादन व वितरण हे संघसूचीच्या अठ्ठावन्नाव्या नोंदीत आहे. जमीन राज्यसूचीच्या अठराव्या नोंदीत आहे. परंतु ज्या जमिनीवर मीठ पिकते ती मीठ आहे की जमीन, हे कोणत्याही नोंदीत लिहिलेले नाही. उत्तर शोधावयाचे ते दोनशे चौऱ्याण्णवाव्या अनुच्छेदात, ज्याने संविधानाच्या प्रारंभी ब्रिटिश मालमत्तेची वाटणी केली: जी मध्यवर्ती कारभारासाठी होती ती संघाची, जी प्रांताच्या कारभारासाठी होती ती राज्याची. मग कांजूरचे मिठागर त्या दिवशी कोणाच्या कारभारासाठी होते, याचा शोध कंपनीच्या काळापासूनच्या भाडेपट्ट्यांत आणि मोजणीच्या नकाशांत घ्यावा लागतो. सत्तर वर्षे हा शोध कोणी पुरा केला नाही, कारण चिखलाच्या त्या जमिनीला तोवर भाव नव्हता.

केंद्र आणि राज्य यांच्यातील तंट्यासाठी संविधानाने एकशे एकतिसाव्या अनुच्छेदात सर्वोच्च न्यायालयाचे स्वतंत्र दार ठेवले आहे. परंतु केंद्र गेले ते मुंबई उच्च न्यायालयात, जिल्हाधिकाऱ्याच्या एका हुकमाविरुद्ध दाद मागावयास. १६ डिसेंबर २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने त्या हुकमास स्थगिती दिली आणि काम बंद करविले. देशातील सर्वांत मोठ्या संघराज्यीय प्रश्नांपैकी एक असा उपनगरातल्या महसुली कचेरीच्या पायरीवर येऊन थांबला. निम्म्या भागीचे दोन मालक एकाच कंपनीची गाडी उभी कोठे करावी यावरून कज्जा खेळत होते, आणि त्या काळात भुयारे खणली जात होती.

निर्णय न्यायालयात झाला नाही, तो विधानभवनात झाला. २०२२ च्या जूनअखेर राज्यात पुन्हा सत्तांतर झाले. केंद्रात आणि राज्यात एकाच आघाडीची सत्ता आली, आणि एकनाथ शिंदे सरकारने जुलैत आरेवरील बंदी उठविली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांबाबत मुभा दिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गाडी धावू लागली. कांजूरच्या मालकीचा मूळ प्रश्न त्यामुळे सुटला काय? मुळीच नाही, दोन्हीकडे एकच आघाडी आली एवढेच. सत्तांतर हा संघराज्यीय वाद मिटविण्याचा उपाय मानला जाऊ लागला, तर सातव्या अनुसूचीची गरजच उरणार नाही. प्रत्येक वादाचा निकाल मतपेटीतून, आणि तोही पुढल्या निवडणुकीपुरताच, लागेल. माझ्या मते बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यांचे जेवढे नुकसान केले त्याहून अधिक नुकसान ही सवय करील.

मुंबईत मिठागरांची सुमारे पाच हजार एकर जमीन आहे, आणि तिच्यावर पुढील काळात घरे, रस्ते व प्रकल्प यांची नजर पडणार हे उघड आहे. धारावीच्या पुनर्वसनासाठी त्यांतील सुमारे अडीचशे एकर २०२४ साली राज्याकडे देण्याचे ठरलेही. या साऱ्या जमिनीच्या मालकीचे दस्तऐवज दोन्ही सरकारांनी एकत्र बसून तपासावेत आणि ज्याचे त्याच्या नावे लावून द्यावेत, हे काम दोनशे त्रेसष्टाव्या अनुच्छेदाखालील आंतरराज्य परिषदेपुढे अथवा तशा एखाद्या संयुक्त मंडळापुढे नेण्यास कोणाचाही पक्ष आड येण्याचे कारण नाही. तोवर कांजूरमार्गची जी जागा मेट्रो-३ ला नाकारली गेली, तीमधील सुमारे १५ हेक्टर राज्य शासनाने २०२३ साली मेट्रो-६ च्या कारशेडसाठी दिली आहे.